स्नूकरचा क्यू (खेळायची काठी) हाताला चिकट लागतोय, लॅकर काढून तेल लावू का?

लाल_पंधरा:
माझा ॲशच्या लाकडाचा क्यू आहे, बट (मागचा जाड भाग) एबनीचा. शाफ्टवर, म्हणजे पुढच्या लांब भागावर, कंपनीची चकचकीत लॅकर आहे आणि अर्ध्या तासात हाताला घाम आला की ब्रिजमधून (टेबलावर टेकवलेल्या हाताच्या बोटांवरून) क्यू अडकत अडकत जातो, शॉट मारताना लक्ष सगळं तिकडेच. लॅकर काढून जवसाचं तेल लावायचं असं बऱ्याच जणांनी सांगितलं. पण सँडपेपर मारायला हात धजत नाहीये. कुणी स्वतः केलंय का?

कोपऱ्यातला_पिवळा:
केलंय, दोन क्यूंवर. पहिल्याच्या वेळी १८० नंबरचा खरखरीत पेपर घेतला आणि टिपेकडचा (टोकाच्या चामड्याकडचा) भाग बारीक करून बसलो. स्नूकरची टिप साधारण साडेनऊ मिमीची, तिथे थोडंसं लाकूड गेलं तरी फेरूलची (टिपेखालच्या कड्याची) कड बोटाला लागायला लागते आणि गेलेलं लाकूड काही परत येत नाही. म्हणून फेरूलवर आणि टिपेवर मास्किंग टेप लाव, ४०० ने हलक्या हाताने फक्त लॅकर उतरव, मग ६०० आणि १०००. पेपर लांबीच्या दिशेनेच फिरव, आडवा नको. लाकूड दिसलं की थांब. एबनीला हात लावू नकोस, ते मुळातच घट्ट लाकूड आहे, कोरड्या फडक्याने घासलं तरी चमकतं.

संथ_स्ट्रोक:
तेलाबद्दल सांगतो, कारण घोळ तिथेच होतो. खायचं जवसाचं तेल म्हणजे कच्चं तेल, ते सुकायला कितीतरी दिवस घेतं आणि तोवर क्यू आधीपेक्षा जास्त चिकट. बॉइल्ड लिनसीड घे, त्यात लवकर सुकण्यासाठी ड्रायर (सुकवणारी रसायनं) घातलेले असतात. फडक्यावर चार-पाच थेंब, अख्ख्या शाफ्टला चोळायचं, पंधरा-वीस मिनिटांनी कोरड्या फडक्याने सगळं पुसून काढायचं, अगदी काहीच उरलं नाही असं वाटेपर्यंत, आणि मग निदान एक दिवस ठेवून द्यायचं. असे तीन-चार हात पुरे. टिपेला तेल लागू देऊ नकोस, चामडं ते पिऊन टाकतं आणि मग खडू नीट बसत नाही.

आणि हे कृपया मनावर घे. तेलाचं फडकं चुरगाळून डब्यात टाकू नकोस. सुकताना ते आपोआप तापतं आणि खरंच पेट घेतं. बाहेर मोकळ्यावर पसरून वाळव, नाहीतर पाण्यात बुडवून ठेव.

लाल_पंधरा:
बापरे, फडक्याचं माहीतच नव्हतं, थँक्स दादा. तेल लावलं की क्यू वाकणार नाही ना?

कोपऱ्यातला_पिवळा:
नाही, तेवढी खात्री तेल देत नाही. हवेतली ओल आत-बाहेर जायचा वेग कमी होतो इतकंच, ओल थांबत नाही. क्यू भिंतीला तिरका टेकवून ठेवायची सवय असेल तर ती आधी सोड, आणि बंद गाडीत उन्हात कधीच ठेवू नकोस. खेळून झाल्यावर किंचित ओलसर फडक्याने घाम आणि खडू पुसायचा, लगेच कोरडं फडकं, मग केसमध्ये. मी रोज एवढंच करतो, तेलाचा हात वर्षातून दोनदा.

लाल_पंधरा:
दहा दिवसांनी लिहितोय. ४०० ने लॅकर उतरली, तेलाचे तीन हात झाले, ॲशचे बाण (लाकडातल्या बाणासारख्या रेषा) आधीपेक्षा गडद उठून दिसतायत. काल दोन तास खेळलो, क्यू एकदाही अडकला नाही. फक्त जॉइंटजवळ (क्यूचे दोन भाग जोडतात तिथे) वीतभर भाग अजून थोडा ओशट लागतोय, तिथे तेल जास्त राहिलं असेल का?

संथ_स्ट्रोक:
हो, तिथे पुसायचं राहिलंय. सुती फडक्याने गरम होईपर्यंत जोरात घास आणि दोन-तीन दिवस केसबाहेर आडवा ठेव. तोवर नवीन हात देऊ नकोस.