नॉर्डवांड: भिंत भारी, पण हॉटेल कशाला?

कातळवेडा
यादीत कधीचा पडून असलेला नॉर्डवांड काल एकदाचा बघितला, फिलिप श्टोल्झलचा २००८ चा जर्मन पिक्चर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: १९३६ चा जुलै, स्वित्झर्लंडमधला आयगर, त्याची उत्तरेची जवळपास १,८०० मीटरची भिंत तोवर कुणालाच गेलेली नाही, आदल्याच वर्षी दोन जर्मन पोरं तिथे गारठून गेलीत, आणि बर्लिन ऑलिंपिक तोंडावर आलंय म्हणून जर्मन पेपरवाल्यांना ही भिंत आपल्या पोरांनी मारलेली हवीय. बव्हेरियाचे टोनी कुर्त्स आणि आन्डी हिंटरश्टॉइसर, दोघं लष्करातले, चक्क सायकली हाणत तिथे पोचतात, मागोमाग रायनर आणि आंगरर हे दोन ऑस्ट्रियन. चौघांतला एकही परत येत नाही. इतिहास आहे हा, उगाच स्पॉयलर स्पॉयलर करू नका.

भिंतीवरचा पिक्चर म्हणजे बाप. जुलै म्हणून फसू नका, त्या भिंतीवर वादळ आलं की कडक हिवाळाच असतो. हार्नेस (दोर अडकवायचा कमरेचा पट्टा) नाही, दोर सरळ अंगाला बांधलेला, तोही नायलॉन यायच्या आधीचा, म्हणजे भिजला की गोठून कडक. लोकरीच्या हातमोज्यांवर बर्फ धरतो ते बघून माझीच बोटं आखडली. २००९ साली जर्मन फिल्म अवॉर्डमध्ये कॅमेरा आणि साउंड दोन्ही याला मिळालं ते उगाच नाही.

पण राव, जरा कुठे दोराला ताण आला की लगेच कट टू भिंतीसमोरचं हॉटेल! झुंबरं, वाइन, सूटबूट, आणि ती लुईझ, टोनीची जुनी मैत्रीण, पेपरात कामाला, जी मुळात खऱ्या गोष्टीत नाहीच. शेवटी तर बाईसाहेब डोंगरातल्या रेल्वेच्या बोगद्यातून बाहेर भिंतीवर येऊन बसतात. एवढी तगडी खरी गोष्ट हातात असताना प्रेमकथेचा तडका कशाला? दोन तासांतला पाऊण तास सरळ कापला असता तर क्लासिक झाला असता. मतं द्या.

सोनचाफा
प्रचंड असहमत. अहो, हॉटेल कापलंत तर मग उरतं काय? चार माणसं चढतात आणि मरतात. ते माहितीपटात बघा की.

क्लायने शायडेगचं ते हॉटेल काही दिग्दर्शकाच्या डोक्यातून आलेलं नाही. भिंतीच्या बरोब्बर समोर आहे, आणि लोक तिथे दुर्बिणी लावून खरंच बघायचे, कोण कुठवर गेला आणि कोण पडला. जेवता जेवता. तो संपादक आराऊ (उलरिश टुकूर, काय थंड माणूस रंगवलाय) लुईझला सांगतो ना, बातमी दोनच प्रकारची, झेंडा तरी लागला पाहिजे नाहीतर माणूस तरी मेला पाहिजे, सुखरूप परत आले हे कोण वाचणार. पूर्ण पिक्चर त्या एका बोलण्यावर उभा आहे. तुम्हाला मधेमधे हॉटेल आलं की राग येतो, तो यावा म्हणूनच ते तिथे आहे.

दोरखंड
दोघांचंही चालू द्या, मला वेगळाच राग आहे. आन्डी दोर कापतो तो सीन.

आधी काय घडलं ते. वर जाताना एका गुळगुळीत कातळावरून आडवं जायचं होतं, तो ट्रॅव्हर्स हिंटरश्टॉइसरने दोराच्या ताणावर मारला, आजही त्याला त्याचंच नाव आहे. सगळे पलीकडे आल्यावर दोर काढून घेतला. आपल्याकडे रॅपल मारून (दोरावरून खाली उतरून) दोर खाली ओढला की आलेली वाट बंद, तसंच. पुढे आंगररच्या डोक्यात दगड बसला, परत फिरावं लागलं, आणि येताना त्या कातळावर बर्फाची काच चढलेली. तासन् तास प्रयत्न करून आन्डीला ते जमलं नाही. मग एकच रस्ता उरला, सरळ खाली.

हे सगळं पिक्चरमध्ये नीट आहे, त्याबद्दल सलाम. पण पुढे खऱ्या घटनेत आन्डीने दोरातून स्वतःला सोडवलेलं होतं, अँकर (कातळात दोराचा आधार) लावत होता, आणि त्याच वेळी वरून आलेल्या बर्फाच्या लोंढ्याने तो गेला. आंगरर पडून दोरात लटकला, रायनर दोराच्या ओढीने कॅरॅबिनरशी (दोर अडकवायच्या कडीशी) आवळला गेला. इथे कुठला त्याग न् काय? निव्वळ वेळ खराब. पिक्चरवाल्यांना ते पचलं नाही, म्हणून आन्डी मित्रासाठी स्वतःचा दोर कापतो. हे मला लुईझपेक्षा जास्त खटकलं. लुईझ निदान काल्पनिक आहे, आन्डी खरा माणूस होता, वय २१.

भटकभवानी
दोरखंड +१. पण मी ढसाढसा रडले त्या सीनला, तेही खरं आहे.

म्युनिचकर
इकडे राहून थोडं वेगळं दिसतं म्हणून लिहितो. डोंगरी पिक्चर हा जर्मनांचा खास प्रकार, १९२० च्या दशकात आर्नोल्ड फांकने वाढवला, आणि लेनी रीफेनश्टाल त्याच्याच पिक्चरमध्ये कडे चढणारी नायिका होती, जी पुढे हिटलरच्या पक्षमेळाव्याचे पिक्चर काढायला लागली. बर्फ, शिखर, वीर तरुण, मरण हे सगळं एकदा त्या राजवटीच्या कामाला लागलं म्हटल्यावर २००८ साली जर्मन दिग्दर्शक हाच विषय घेतो तेव्हा त्याला प्रत्येक पाऊल जपून टाकावं लागतं. म्हणून टोनी आणि आन्डी राजकारणाशी देणंघेणं नसलेले, साहेबांच्या सलामाला टंगळमंगळ करणारे, आणि पक्षाचे भक्त कोण, तर दोघं ऑस्ट्रियन. फारच सोयीचं आहे हो हे. आपले नायक स्वच्छ, मळ सगळा शेजाऱ्याच्या अंगावर.

कातळवेडा, तुमचा पाऊण तास कापायचाच असेल तर हा कापा.

सोनचाफा
म्युनिचकर, मुद्दा चांगला आहे पण मग काय दाखवायला हवं होतं? चौघंही कट्टर दाखवले असते तर तुम्हीच म्हणाला असता की मेलेल्यांची बदनामी. १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये मॅटरहॉर्नची उत्तर भिंत चढणाऱ्या श्मिड भावांना गिर्यारोहणाचं खरंखुरं पदक मिळालं होतं. गरीब घरच्या पोरांना असं पदक आणि नाव दिसत असेल तर ती जाणारच, त्यासाठी कुठल्या पक्षाचं असावं लागत नाही.

म्युनिचकर
जाणारच, मान्य. पण ते 'जाणारच' पिक्चरमध्ये कुठे आहे? टोनीला पदकाची हाव नाही, पैशाची नाही, नोकरीची पर्वा नाही, त्याला फक्त डोंगर हवाय. असा माणूस मला तरी भेटला नाही. आणि १९३८ बघा ना. मार्चमध्ये ऑस्ट्रिया जर्मनीने गिळला, जुलैमध्ये दोन जर्मन आणि दोन ऑस्ट्रियन एका दोरावर ही भिंत चढून गेले, हेकमायर, फ्योर्ग, हारर, कास्पारेक. चौघांना हिटलरसोबत उभं करून फोटो. त्यातला हारर तर एसएसमध्ये, म्हणजे हिटलरच्या पक्षाच्या दलात होता. म्हणजे भिंत आणि राजकारण वेगळं काढता येतच नव्हतं त्या वर्षांत, आणि पिक्चर तेच वेगळं काढून दाखवतो.

गडकोट
हारर म्हणजे तोच ना, तिबेटवाला? थोडं अवांतर, पण १९३९ साली नंगा पर्बतची वाट शोधायला आलेला तो युद्ध पेटल्यावर कराचीत पकडला गेला आणि इंग्रजांनी त्याला आधी आपल्या अहमदनगरच्या छावणीत आणून ठेवला होता, नंतर देवळालीला. पळून गोव्यात पोर्तुगीजांकडे जायचा बेत होता म्हणे, पण डेहराडूनला हलवलं आणि तिथून तो तिबेटकडे सटकला. नगरच्या उन्हात आयगरवाला! यावर कुणी पिक्चर काढा रे, हॉटेलबिटेल नको.

कातळवेडा
हा हा गडकोट, वेगळा धागा काढ त्यावर.

सोनचाफा, हॉटेल ठेवायचं तर ठेवा, दोन सीन पुरे होते. त्यातून कळलंच की लोक निर्दयी आहेत. आठव्यांदा तीच वाइन दाखवून काय नवीन कळतं? त्यापेक्षा टोनीचा शेवट आणखी दाखवायचा. रात्रभर एकटा लटकलेला, डावा हात गोठून निकामी. सोडवायला आलेले वाटाडे खाली पोचलेत पण मधे ओव्हरहँग, म्हणजे बाहेर झुकलेला कातळ. त्याने मेलेल्या साथीदाराचा दोर कापून आणला, दाताने आणि एका हाताने त्याचे पीळ सोडवले, ते पेड एकाला एक जोडून खाली सोडले. पाचेक तास गेले यात! मग वाटाड्यांनी दोर वर पाठवला, तो आखूड, म्हणून दुसरा गाठ मारून जोडलेला. आणि ती गाठ त्याच्या कॅरॅबिनरमधून जाईना. इतका जवळ आला होता की एक जण दुसऱ्याच्या खांद्यावर उभा राहिला तर आइस अ‍ॅक्सचं टोक त्याच्या क्रॅम्पॉनला (बुटांच्या खिळ्यांना) लागत होतं. तिथेच तो संपला. आता सांगा, या गाठीपुढे लुईझचे अश्रू हवेत कुणाला? मी पुन्हा बघणार तो हॉटेल फॉरवर्ड करून.

भटकभवानी
मला हवेत. माझ्या नवऱ्याला गाठ काय अडकली हे कळलंच नाही, लुईझचा चेहरा बघून कळलं की संपलं. सगळे काही तुमच्यासारखे शनिवार-रविवारी दोराला लटकत नाहीत. योहाना वोकालेकने काम छान केलंय, बाई आहे म्हणून तडका म्हणून मोकळं होऊ नका.

दोरखंड
वोकालेकबद्दल तक्रार नाहीच, तिला दिलेल्या सीनबद्दल आहे. बोगद्यातून भिंतीवर उघडणाऱ्या त्या भोकापाशी खरोखर रेल्वेचा एक रखवालदार होता. त्याने आधी हाक मारली तर चौघांची आनंदी उत्तरं आली, खाली येतोय म्हणून. गडी आत जाऊन त्यांच्यासाठी चहा ठेवून बसला. बराच वेळ कुणी आलं नाही म्हणून परत बाहेर डोकावला तर एकट्या टोनीच्या किंकाळ्या. हा माणूस घ्या ना मध्यवर्ती. लुईझला रात्री भिंतीवर बसवायची गरजच पडली नसती.

सोनचाफा
हे भारी आहे, हे मला माहीत नव्हतं. पण बघा, तो रखवालदार तिथे का होता? युंगफ्राऊची रेल्वे १९१२ पासून डोंगराच्या पोटातून पर्यटक वर नेते म्हणून. भिंतीतली ती खिडकीसुद्धा हॉटेलातल्या पब्लिकने बाहेर बघावं म्हणून काढलेली. कातळवेडा, हॉटेल फॉरवर्ड केलंत तर वाटाडे पण भिंतीपर्यंत पोचत नाहीत तुमचे.

दोरखंड
खिडकी वेगळी, भोक वेगळं. वाटाडे ज्यातून बाहेर आले ते बोगदा खोदताना राडारोडा बाहेर टाकायला पाडलेलं होतं. बाकी चालू द्या.

कातळवेडा
म्हणजे पर्यटकांसाठी नव्हतंच ते! सोनचाफा, घ्या.

सोनचाफा
अहो, बोगदा कुणासाठी खोदला मग? उद्या सविस्तर लिहिते, आता कुकर लावलाय.