बसवरचे सिनेमे : आतलं तंत्र लिहा

बसप्रवासावरच्या सिनेमांची गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ आहे. या कामातल्या जाणकारांनी बसमधलं चित्रण कसं होतं आणि कुठे फसतं, तेवढंच लिहावं.

कॅमेरा, गोरेगाव
संवाद बरेचदा उभ्या बसमध्येच उरकतात. चॅसीखाली लाकडी वासा घालून दोघं बस हलवतात, एक जण दिव्यापुढून पुठ्ठा फिरवतो. झाडं मागे सरकल्यासारखी वाटतात. हादरे एकाच तालात बसले की चोरी पकडली जाते. मध्येच थांबायचं, मग एकच जोरात. बाहेर रणरणतं ऊन असेल तर काचांना ०.९ एनडी जेल (उजेड कमी करणारी करडी फिल्म) लावा, उजेड तीन स्टॉप, म्हणजे आठव्या हिश्शावर उतरतो. साबणाच्या पाण्यावर चिकटवा आणि पट्टीने बुडबुडे काढा. सुरकुती राहिली तर ती चमकते.

कंटिन्युइटी (एका शॉटचा दुसऱ्याशी मेळ)
मुंबईहून गोव्याला बस दक्षिणेकडे जाते. म्हणजे सकाळचं ऊन दाराच्या बाजूने, दुपारनंतरचं ड्रायव्हरच्या बाजूने. फिल्मसिटीत गोल फेऱ्या मारल्या की ते दर वळणावर बाजू बदलतं, आणि एडिटर बोंबलतो. घंटीचंही तसंच: एक टोला थांबा, दोन टोले चला. इथे चूक झाली तर एसटीने फिरणारा प्रेक्षक लगेच हसतो, नको तिथे.

स्टंट
‘स्पीड’ (१९९४) मधली बसची उडी बघा. पुलातली फट ५० फूट, म्हणजे साधारण १५ मीटर. वेग ताशी ११० किलोमीटर धरला तर ती ओलांडायला अर्धा सेकंद लागतो. तेवढ्यात बस सव्वा मीटरच्या आसपास खाली येणार, शिवाय पुढची चाकं आधी सुटल्यामुळे नाक झुकणार. सपाट रस्त्यावरून पलीकडे पोचणं अशक्य. म्हणून चित्रणात रॅम्प वापरला, रस्ता अखंडच होता, फट नंतर संगणकावर काढली.

तोल
‘द इटालियन जॉब’ (१९६९) च्या शेवटी चोरांची बस कड्यावर लोंबकळते, चोरलेलं सोनं मागच्या टोकाला. २००८ मध्ये ब्रिटनच्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीने माणसं आणि सोनं कसं वाचवायचं यावर स्पर्धाच ठेवली. विजेत्या उत्तरात मागच्या काचा फोडून बाहेर पाडल्या, पुढच्या टायरमधली हवा सोडली, इंधन काढून टाकलं. मग एकाने उतरून दगड आणायचे, पुढे भरायचे. सोन्याला हात सगळ्यात शेवटी!

लेखन
‘बॉम्बे टू गोवा’ (१९७२) मध्ये मेहमूद कंडक्टर, ‘नवरा माझा नवसाचा’ (२००४) मध्ये अशोक सराफ कंडक्टर. उगाच नाही. बाकी सगळे सीटला खिळलेले. प्रत्येक सीटपाशी जाऊन हुज्जत घालायची मुभा फक्त त्यालाच. ड्रायव्हरला विनोदी करू बघाल तर रस्त्यावरून नजर हटते, आणि मग भीतीच वाटायला लागते.