प्रति: छोट्या प्रकाशकांची पुस्तकं सापडतात कशी?
पुरस्कारांच्या याद्यांवर नजर ठेवा, हे वरचं म्हणणं अर्धंच पटलं. यादीत नाव येईतो पहिली आवृत्ती बरेचदा संपलेली असते, आणि दुसरी निघेलच असं नाही. मी आवडलेल्या कथासंग्रहाचं ऋणनिर्देशाचं पान आधी वाचतो. कुठली कथा कोणत्या अंकात आली होती ते तिथे सापडतं, आणि त्या अंकात आणखी चार नवी नावं.

आणखी एक खूण म्हणजे आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावर छापलेला त्याचा ओळख क्रमांक. त्याच्या १३ अंकांचे हायफनने पाडलेले पाच भाग असतात, त्यातला चौथा पुस्तकाचा क्रमांक. तो एकअंकी असला तर प्रकाशकाने जेमतेम १० क्रमांकांचा संच घेतलेला असतो. असं पुस्तक मी निदान चाळतोच. हायफन गाळून सलग आकडा छापणाऱ्यांपुढे मात्र हात टेकले!