दाराचं तोरण: काय ओवता, काय फसलं?

गेल्या दसऱ्याला तोरण घरीच करायचा उत्साह आला. दुपारी बाराला बांधलं आणि दिवेलागणीला आंब्याच्या पानांच्या पुंगळ्या लटकत होत्या. समोरच्या काकूंची पानं मात्र चार दिवस हिरवीगार. विचारलं तर म्हणाल्या, "अगं, तू कोवळी तोडलीस." चाळिशीत कळलं मला हे! प्लास्टिकचं नकोच आहे, तेव्हा त्या त्या ऋतूत तुमच्या दाराला काय लागतं, कसं बांधता आणि काय फसलं, ते सांगा. फसलेलं आधी.

—

काकू बरोबर आहेत. तांबूस पानाला हात लावायचा नाही. गर्द हिरवं, जून, मधली शीर कडक असलेलं पान घ्या. डहाळीच आणा आणि रात्रभर बादलीत उभी ठेवा. सकाळी पान ओल्या फडक्याने पुसायचं, देठाकडचा भाग सुतळीवरून मागे दुमडायचा आणि खराट्याच्या हिराचा तुकडा आरपार घालून टाचायचं. स्टेपलर मारणाऱ्यांना मी काही म्हणत नाही, पायात पिन गेली की ते स्वतःच म्हणतील.

झेंडू पाकळ्यांतून ओवू नका, घसरतो. खालच्या हिरव्या बोंडातून दाभण घाला. आणि फुलं एकमेकांना खेटून बसवायची नाहीत. दसऱ्याला पाऊस असला तर घट्ट माळ आतून काळी पडते, मग उंबऱ्यावर तपकिरी पाणी ठिबकत राहतं. मागच्या वर्षी पाहुण्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर ठिबकलं. सख्खे व्याही.

—

आम्ही रत्नागिरीकडचे. आमच्याकडे 'नवं' बांधतात. भाताची लोंबी, नाचणीचं कणीस, कुरडूचं गुलाबी तुऱ्यासारखं फूल, झेंडू, आंब्याचं पान अशी मुठीत मावेल एवढी जुडी. आमच्या वाडीत दसऱ्याला, पलीकडच्या गावात कोजागरीला. दाराला एक, देवाला एक, तुळशीला, गोठ्याला, जात्याला. आता जात्याला कोण विचारतो, पण बाबा बांधतात. मिक्सरलाही बांधतात!

फसलं ते मुंबईत. दादरच्या बाजारातून लोंब्यांचं सुंदर विणलेलं तोरण आणलं, कौतुकाने दारावर टांगलं. दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्याच्या खिडकीतून चिमण्या आत, दारासमोर तुसांचा सडा, आणि खालच्या मजल्यावरच्यांची तक्रार. हल्ली दसरा झाला की ते तोरण गॅलरीत हलवतो. चिमण्यांचं पोट भरतं, आमचं भांडण वाचतं.

—

चिकाचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आंब्याच्या पानाचा देठ मोडल्यावर जो चीक येतो तो मनगटाला लागला आणि मी तसाच घाम पुसला. गालावर आठवडाभर भाजल्यासारखा पट्टा. दसऱ्याचे सगळे फोटो एका बाजूने काढलेत.

—

विदर्भात या पोळ्याले. दारावर नाही, दाराशी पळसाच्या फांद्या ठेवतात, त्याले मेढे म्हणतात. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या उचलून "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" ओरडत गावाबाहेर नेऊन टाकायच्या. खरं तोरण गावाचं असते. आंब्याच्या पानांचं, दोरीवर लांबलचक, त्याखाली बैलजोड्या उभ्या. मानकऱ्यानं तोरण तोडलं की पोळा फुटला, म्हणजे बैल सुटले. लहानपणी तोडायच्या आधीच एका बैलानं अर्धं तोरण खाल्लं होतं. त्या दिवशी पोळा नेमका कधी फुटला, यावर गावात अजून दोन मतं आहेत.

—

जर्मनीतून. इथे आंबा कुठला! कुंपणाला सगळीकडे चेरी लॉरेल असतं, पानं थेट आंब्यासारखी, लांबट आणि चकचकीत. पहिल्या दसऱ्याला त्याचंच तोरण केलं, कुणालाही ओळखू आलं नाही. नंतर शेजारीण म्हणाली, हे विषारी असतं. लेक तेव्हा रांगती होती, पडलेलं पान सरळ तोंडात. त्याच मिनिटाला उतरवलं.

डिसेंबरात तीच शेजारीण दाराचं गोल कडं करायला शिकवते. विलोच्या ओल्या काड्या वळून कडं, त्यावर फरच्या वीतभर फांद्यांचे झुबके, सगळे एकाच दिशेने, प्रत्येक झुबका आधीच्याचे देठ झाकेल असा, आणि अख्ख्या कड्याला एकच तार, न तोडता. गजरा बांधल्यासारखंच, फक्त बोटं गारठतात. थंडीमुळे ते महिनाभर टिकतं. नाताळाआधीच्या चार रविवारांसाठी चार मेणबत्त्यांचं कडं असतं ते वेगळं, ते टेबलावर ठेवतात. १८३९ साली हांबुर्गमधल्या एका धर्मोपदेशकाने अनाथ मुलांना नाताळपर्यंतचे दिवस मोजता यावेत म्हणून गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, तिथून ते आलं म्हणतात.

मी फरमध्ये दोन सुक्या लाल मिरच्या खोचते. शेजारणीला वाटतं, ही आमच्याकडची सजावट. मी दृष्टीचं काही सांगितलेलं नाही.

—

मीच, सुरुवात करणारी. बादलीत डहाळी ठेवून पाडव्याला पुन्हा केलं, सोबत कडुनिंबाचा डहाळा. पानं तीन दिवस ताठ राहिली. काकूंनी येता-जाता हात लावून पाहिलं, बोलल्या काही नाहीत.