मदत हवी आहे: समुपदेशकाचं काम मुख्याध्यापकांपुढे कसं मांडावं?

नमस्कार मंडळी. गेल्या वर्षीपासून मी एका शाळेत समुपदेशक आहे. नेमणूकपत्रात एवढंच लिहिलंय, 'विद्यार्थ्यांचे समुपदेशन व शाळा सांगेल ती इतर कामे'. त्या 'इतर' कामांतच दिवस संपतो: बदली तास, परीक्षेचं पर्यवेक्षण, हजेरीची माहिती भरणं. तेही एक वेळ चालवून घेईन.

खरा त्रास वेगळाच आहे. वर्गात कुणी दंगा केला की त्याला माझ्याकडे धाडतात, 'जरा समज द्या' म्हणून. त्यामुळे माझी खोली म्हणजे शिक्षेची जागा, असं मुलं धरून चालली आहेत. परवा मधल्या सुट्टीत एक मुलगी दोनदा दारावरून गेली, पण आत आली नाही. आत मी दोघांकडून माफीनामे लिहून घेत होते. ती का आली होती, हे मला अजून कळलेलं नाही.

शिवाय मूल बोलून गेलं की लगेच विचारणा होते, 'काय म्हणाला?' पहिल्याच भेटीत मी सांगते की इथलं बोलणं इथेच राहील. मात्र तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल, कुणी तुझा छळ करत असेल, तर मला पुढे सांगावंच लागेल. हा शब्द मोडून कसं चालेल?

अमेरिकन स्कूल कौन्सेलर असोसिएशन २५० विद्यार्थ्यांमागे एक समुपदेशक असावा, असं सुचवते. त्याचा किमान ८० टक्के वेळ विद्यार्थ्यांच्या थेट वा अप्रत्यक्ष मदतीत जावा, असंही म्हणते. शिक्षा देणं आणि बदली तास ही कामं ती समुपदेशकाची मानत नाही. मला लेखी कामवाटप मागायचं आहे, पण ती तक्रार वाटू नये. कसं मांडू?

प्रतिसाद:
आधी दोन आठवडे वेळेची नोंद ठेवा: वैयक्तिक भेटी, गटसत्रं, पालक-शिक्षकांशी बोलणं, इतर कामं. मुलांची नावं त्यात नकोत. तो कागद घेऊनच मुख्याध्यापकांना भेटा.

दंग्याचं काय करायचं ते शिक्षकांनी ठरवावं. तसं का वागतोय, हे बघायला मूल नंतर तुमच्याकडे येऊ दे. शिक्षकांना मुलाचं बोलणं सांगू नका, वर्गात काय करता येईल ते सांगा: 'महिनाभर याला सगळ्यांपुढे उभं करून प्रश्न विचारू नका.' बहुतेकांना तेवढं पुरतं.

त्या मुलीला एकटीला बोलावू नका. तिच्या वर्गावर एक तास मागून घ्या आणि तुमच्याकडे कशासाठी यायचं, ते सगळ्यांनाच सांगा.