ज्याच्या अंगात शिरलो, त्याचं काय? ('स्लिटरहेड'च्या निमित्ताने)

घोडबंदरकर

'स्लिटरहेड' नुकताच संपवला आणि एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा.

ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नोव्हेंबर २०२४मध्ये आलेला जपानी अ‍ॅक्शन-अ‍ॅडव्हेंचर. 'सायलेंट हिल'चा पहिला भाग (१९९९) ज्यांनी दिग्दर्शित केला त्या केइचिरो तोयामांच्या नव्या स्टुडिओचा हा पहिलाच गेम, संगीत अकिरा यामाओकांचं. नव्वदीतल्या हाँगकाँगवर बेतलेलं काउलाँग नावाचं शहर आहे आणि तिथे माणसांचं रूप घेऊन वावरणारे राक्षस आहेत. आपण असतो ह्योकी, म्हणजे बिनशरीराचा आत्मा, ज्याला स्वतःबद्दल काही आठवत नाही. रस्त्यावरच्या कुणाच्याही अंगात शिरायचं, त्याच्याच रक्ताचं हत्यार करून लढायचं, तो मेला की दुसऱ्याच्या अंगात उडी घ्यायची.

खेळायला जबरदस्त मजा येते, हे आधीच सांगतो. पण सुरुवातीलाच राक्षसाचा पाठलाग करताना उंचावरून खाली झेप घ्यावी लागते. पडता पडता खालच्या वाटसरूच्या अंगात शिरायचं. ज्याला आपण उडी मारायला लावली तो खाली आपटतो, आणि आपण तोवर नव्या पायांनी धावत सुटलेलो असतो. त्याचा पुढे कुणी उल्लेखही करत नाही.

माझं म्हणणं असं की परकायाप्रवेशाच्या गेमने वापरलेल्या अंगाचा हिशेब ठेवलाच पाहिजे. 'डिसऑनर्ड'ने (२०१२) ठेवला होता. त्याचा नायक कॉर्व्हो आधी उंदरांच्या, माशांच्या आणि ताकद वाढवली की माणसांच्याही अंगात शिरतो. बाहेर पडला की तो पहारेकरी भोवंडतो, ओकतो. त्याच्यावर काहीतरी गुदरलंय हे समोर दिसतं. शिवाय जितके खून जास्त तितकी शहरात अंदाधुंदी वाढते, उंदीर वाढतात, शेवट काळवंडतो. त्याच्याही आधी १९९७च्या 'एब्ज ऑडिसी'मध्ये एब मंत्र पुटपुटून बंदूकधारी स्लिगच्या अंगात शिरतो, तेव्हा त्याचं स्वतःचं शरीर मागे तसंच उघड्यावर उभं असतं. म्हणजे ताबा घेणाऱ्यालाही जोखीम आहे.

'स्लिटरहेड'मध्ये ह्योकी ज्यांच्या अंगात शिरतो त्यांतली ज्युली सामान्य माणसांच्या बाजूने बोलते, तर दुसऱ्याला, अ‍ॅलेक्सला, राक्षस संपवण्यापुढे कशाचीच पर्वा नसते. मला वाटलं, हा वाद प्रत्यक्ष खेळण्यात उतरेल. तो बहुतांशी संवादातच राहिला. मला हे फार खटकलं. तुम्हाला काय वाटतं?

सानपाडा_फास्ट

पूर्ण असहमत. मुद्द्याने लिहितो.

'डिसऑनर्ड'चा हिशेब तुम्हाला एवढा आवडतो, तर तो लोकांनी कसा वापरला तेही बघा. चुकून खून झाला की जुना सेव्ह, म्हणजे आधी साठवून ठेवलेला खेळ, उघडायचा. कशासाठी? खुनांचा आकडा खाली राहावा म्हणून. मेलेल्याबद्दल कुणाला काही वाटलेलं नसतं. आणि त्याच गेममधली सगळ्यात गाजलेली करामत कोणती? पहारेकऱ्याने गोळी झाडली की काळ थांबवायचा, त्याच्या अंगात शिरायचं, त्यालाच चालवत नेऊन त्याच्याच गोळीपुढे उभं करायचं आणि काळ सोडून द्यायचा. लोक याचे व्हिडिओ कौतुकाने दाखवतात. हिशेब ठेवणाऱ्या गेमने कुणाचीही सदसद्विवेकबुद्धी जागी केली नाही. तिचं गणित करून टाकलं, बस.

'स्लिटरहेड' तुम्हाला शिक्षा देत नाही, आणि तरीही तुम्ही धागा काढलात. तो आपटलेला माणूस तुमच्या डोक्यात राहिला ना? त्या गेमने मागितलेली किंमत तीच आहे.

आता खेळण्याबद्दल. लढाईचा सगळा डाव उडीवर उभा आहे. राक्षस एका अंगावर झेपावतो, आपण त्याच्या पाठीमागच्या माणसात शिरून मागून वार करतो. प्रत्येक उडीला दंड लावला तर खेळणारा एकाच अंगाला चिकटून बसेल आणि हा गेम इतर शंभर मारधाड गेमसारखा होईल.

आणखी एक गोष्ट माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची आहे. इथे गर्दी हीच तुमची आयुष्यरेषा आहे. हाँगकाँगच्या ज्या काउलून वॉल्ड सिटीच्या छायेत हे शहर उभं केलंय, तिथे जेमतेम २.६ हेक्टरवर तीसेक हजार माणसं राहत होती. १९९३-९४मध्ये ती वस्ती पाडली. अशा जागेचा गेम करायचा तर माणसांची दाटी हाच त्याचा नियम असायला हवा, आणि तोयामांनी नेमकं ते केलंय. संध्याकाळी सात वाजता ठाणे स्टेशनच्या पुलावर ह्योकीला सोडा, तो कधीच मरणार नाही. रात्री दोन वाजता सोडा, दोन मिनिटांत संपेल. रिकाम्या गल्लीत शिरताना पोटात खड्डा पडतो तो यामुळेच. इतक्या साध्या नियमातून एवढी भीती निर्माण करणारा गेम मी गेल्या काही वर्षांत खेळलेलो नाही.

पामबीच

दोघांचंही वाचलं. तुम्ही या प्रकारच्या गेमचा अर्धाच भाग बघताय असं मला वाटतं.

आमच्याकडे 'सुपर मारिओ ऑडिसी' (२०१७) चालतो. मुलगी टोपी, मी मारिओ, दोन कंट्रोलर. टोपी फेकली की समोरच्याचा ताबा. सुरुवातीलाच बेडूक मिळतो आणि मारिओला जिथे उडी पोचत नव्हती तिथे बेडकाची पोचते. मग कधी तोफेचा गोळा, कधी अख्खा डायनोसॉर, आणि त्या डायनोसॉरलाही टोपी आणि मिशा! खाली उतरलं की तो आपल्या वाटेने जातो.

हाही परकायाप्रवेशच आहे. यात कुणाला वापरून फेकल्याची भावना नाही, दुसऱ्याच्या डोळ्यांनी आणि पायांनी जग कसं असतं ते कळण्याचा आनंद आहे. एरवी शत्रू म्हणजे तुडवायची वस्तू. इथे प्रत्येक शत्रूकडे बघताना मुलगी विचारते, "हा काय करू शकतो?" मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो. घोडबंदरकर, अंग वापरलं की हिशेब हवाच असा सरसकट नियम केलात तर बेडकाच्या उडीवरही कर बसवाल.

घोडबंदरकर

@पामबीच, बेडकावर कर नको, मान्य. पण तुम्हीच लिहिलंत की उतरल्यावर तो आपल्या वाटेने जातो. अंग जसं घेतलं तसं परत केलं, तिथे हिशेब चुकता झाला. माझी तक्रार परत न करण्याबद्दल आहे.

@सानपाडा_फास्ट, गर्दीचा मुद्दा जोरदार आहे, आणि गल्लीतली भीती मीही अनुभवली. पण माणसं ही आयुष्यरेषा असेल तर ती माणसं म्हणून दिसायला हवीत. रस्त्यावरच्या लोकांना नाव नाही, घर नाही. मला अस्वस्थ वाटलं ते मी स्वतःचं काहीतरी घेऊन खेळायला बसलो म्हणून. त्याचं श्रेय गेमला का द्यायचं?

तलावपाळी

मी गेम फारसे खेळत नाही, भाऊ खेळताना बघते. ठाण्यातच मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करते, म्हणून एक वेगळी बाजू मांडते.

आपल्याकडे झपाटण्याच्या जेवढ्या गोष्टी ऐकल्या त्या सगळ्या घराच्या बाजूने सांगितलेल्या असतात. सुनेच्या अंगात काही आलं, ती वेगळ्या आवाजात बोलायला लागली, घरचे घाबरले. गोष्ट सांगणारा झपाटलेल्याच्या उशाशी बसलेला असतो. तुम्ही सांगताय त्या गेममध्ये मात्र आपण कायम भूत. ज्याला धरलंय त्याचं आतून काय होतं हे कधी दाखवतच नाहीत.

हे मला नुसतं कथेपुरतं वाटत नाही. 'बाहेरचं आहे' असं ठरवल्यावर त्या बाईला माणूस म्हणून कुणी काही विचारतच नाही. आजही आमच्याकडे लोक येतात ते आधी बाहेरचे सगळे उपाय करून, कधी अंगावर वळ घेऊन. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्याच्या अनुसूचीत पहिलीच गोष्ट भूत उतरवण्याच्या बहाण्याने बांधून ठेवणं आणि मारहाण ही आहे. त्या कायद्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं झटले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांचा खून झाला. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१पासून आहे, म्हणजे उपचाराची जागा शहरात एक शतकाहून जास्त काळ आहे आणि तरी माणसं उशिरा पोचतात.

गेममुळे अंधश्रद्धा वाढते असं मी अजिबात म्हणत नाही. भावाला ह्योकी खरा वाटत नाही. मला एवढंच दिसतं की ज्याच्या अंगात शिरलो तो 'कुणीच नाही' असं धरून चालणं आपल्याला फार सोपं जातं, आणि हे गेम ते आणखी सोपं करतात.

कोपरी_पूर्व

तलावपाळी ताईंच्या मुद्द्याला जोड. आपल्या परंपरेतला परकायाप्रवेश नियमांनी पुरता बांधलेला आहे. शंकराचार्यांच्या चरित्रकथांतली अमरुक राजाची गोष्ट आठवा. राजा आधीच मेलेला, म्हणजे शरीर रिकामं. आचार्यांचं स्वतःचं शरीर गुहेत, शिष्य पहाऱ्यावर. परत यायची मुदत ठरलेली. आणि राजा अचानक एवढा शहाणा कसा झाला याचा दरबाऱ्यांना संशय येतो, मग ते राज्यातली बेवारस प्रेतं जाळून टाकायचा हुकूम काढतात, म्हणजे आत शिरलेल्याला परतायला जागाच राहू नये. केवढा ताण आहे बघा या गोष्टीत! आणि जिवंत माणसावर ताबा घेतलेलाच नाही.

यावर कुणी गेम केला तर मी पहिल्या दिवशी विकत घेईन.

सानपाडा_फास्ट

@कोपरी_पूर्व, गोष्ट उत्तम, पण तिचा ताण घड्याळाचा आहे. शरीर रिकामं असलं की अंगातल्या माणसाचा प्रश्नच मिटतो. 'ड्रायव्हर: सॅन फ्रान्सिस्को'ने (२०११) हीच पळवाट काढली होती. त्याचा नायक टॅनर कोमात आहे आणि सगळं शहर त्याच्या डोक्यात. तो कुठल्याही गाडीच्या चालकात शिरतो, शेजारी बसलेला माणूस "आज तुला झालंय काय?" अशा अर्थाचं काहीतरी बोलतो, आपण हसतो. फार आवडता गेम आहे माझा. पण तिथे कुणाचं काही बिघडतच नाही, कारण तिथे कुणी नाहीच. 'स्लिटरहेड' ती पळवाट घेत नाही. माणूस जिवंत आहे, त्याचं रक्त खरं आहे आणि तू ते सांडतोयस, हे तो तोंडावर सांगतो.

@तलावपाळी, तुमचा मुद्दा सगळ्यात वजनदार आहे, म्हणून विचारतो. झपाटलेल्याच्या बाजूने गेम करायचा म्हणजे काय करायचं? कंट्रोलर हातात असून काही करता येत नाही, असा गेम कोण खेळेल?

जाता जाता, निन्टेंडोच्या 'गाइस्ट'मध्ये (२००५) ज्याच्यात शिरायचं त्याला आधी घाबरवावं लागतं, त्याशिवाय दार उघडत नाही. यजमानाचं मन असतं हे त्या गेमने मान्य केलं होतं. गेम म्हणून यथातथाच, पण कल्पना पहिल्या प्रतीची.

तलावपाळी

@सानपाडा_फास्ट, मी गेम बनवणारी नाही, तरी सांगते. मी कळव्याच्या पुलावरून घरी चाललेय. मध्येच अंधार. शुद्धीवर येते तेव्हा मी मुंब्र्यात, हातावर रक्त, खांदा निखळलेला, फोनवर घरच्यांचे डझनभर कॉल. आता मला शोधायचंय की मधल्या वेळात माझ्या हातून काय झालं आणि घरी काय सांगायचं. कंट्रोलर चालतोच आहे, फक्त मधला तुकडा माझ्याकडे नाही. ज्यांच्याशी मी बोलते त्यांतली अनेक माणसं थेट याच जागी उभी असतात. हे खेळायला कुणी बसेल की नाही माहीत नाही, माझा भाऊ नक्की बसेल.

पामबीच

मीही बसेन. मुलगी झोपल्यावर.

घोडबंदरकर

'स्लिटरहेड'मध्ये नेमकं असं एकच मिशन हवं होतं! त्यात कथा काळात मागे जाते, तेच दिवस पुन्हा खेळावे लागतात. म्हणजे सोय तयार होती. एका फेरीत मी ज्याला वरून उडी मारायला लावली, पुढच्या फेरीत त्याचीच सकाळ मला खेळू द्यायची. तो कुठे निघाला होता, हातातल्या पिशवीत काय होतं, घरी कोण होतं. पंधरा मिनिटं पुरली असती. गुण, आकडे, दंड काहीच नको. माझी सगळी मागणी तेवढीच आहे, आणि ते मिशन असतं तर मी हा धागा काढला नसता.

सानपाडा_फास्ट

ते मिशन असतं तर धागा मी काढला असता. त्या पंधरा मिनिटांनंतर पुढच्या लढाईत माझं बोट उडीच्या बटणावर अडखळलं असतं, आणि या गेममध्ये अडखळलात की मेलात.

घोडबंदरकर

अडखळावंच. एकदा तरी मी त्याच अंगात राहून हरलो असतो, आणि ती लढाई मला जिंकलेल्या सगळ्या लढायांपेक्षा जास्त आवडली असती.