प्रॉब्लेम स्टेट : ‘समस्याग्रस्त’ की आणखी काही?

प्रश्न : मी राजारामपुरीत राहतो, मेनफ्रेमवर, म्हणजे मोठ्या संस्थांच्या मोठ्या कॉम्प्युटरवर, मराठीत टिपणं लिहायलोय. त्याच्या प्रोसेसरच्या दोन अवस्था : सगळ्या आज्ञा चालवू देणारी ‘सुपरवायझर स्टेट’ आणि साध्या प्रोग्रॅमसाठीची, राखीव आज्ञा न चालवणारी ‘प्रॉब्लेम स्टेट’. पहिलीला पर्यवेक्षक-अवस्था आणि दुसरीला समस्याग्रस्त अवस्था लिहिलं. पण त्यानं ‘व्हर्च्युअल मशीनमधली ऑपरेटिंग सिस्टिम कायम समस्याग्रस्त असते’ असं वाक्य तयार होतंय. कुठंतरी चुकतंय नव्हं?

उत्तर : दादा, आधी ‘ग्रस्त’ काढा. आयबीएमच्या १९६४ च्या सिस्टिम/३६० या मेनफ्रेमपासूनचा हा शब्द. इथं प्रॉब्लेम म्हणजे अडचण नव्हे, सोडवायला घेतलेलं काम. शाळेत ‘पुढील उदाहरणे सोडवा’ असायचं, त्यातलं उदाहरण. पर्यवेक्षक मात्र ठेवा. परीक्षेच्या वर्गातली ही जोडी मराठी वाचकाला लगेच कळते.

आता तुमचं वाक्य. प्रोसेसरची चालू स्थिती नोंदणाऱ्या प्रोग्रॅम स्टेटस वर्डमधला १५ वा बिट ० असला की पर्यवेक्षक-अवस्था, १ असला की प्रॉब्लेम स्टेट. व्हीएम/३७० मध्ये (१९७२), म्हणजे एकाच यंत्रावर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या आयबीएमच्या सिस्टिममध्ये, पाहुणी सिस्टिम (व्हर्च्युअल मशीनमधली ऑपरेटिंग सिस्टिम) चालताना खऱ्या प्रोसेसरवर हा बिट १ च असतो. पण सीपी, म्हणजे व्हीएम/३७० चा कंट्रोल प्रोग्रॅम, तिच्यासाठी वेगळा आभासी स्टेटस वर्ड सांभाळतो, त्यात तो ० असू शकतो. पाहुण्या सिस्टिमनं एलपीएसडब्ल्यूसारखी (नवा स्टेटस वर्ड चढवणारी) राखीव आज्ञा दिली, की प्रोसेसर ती न चालवता काम थांबवून, म्हणजे व्यत्यय आणून, सीपीकडं सोपवतो. सीपी आभासी बिट बघतो. तो ० असेल तर आज्ञेचं काम स्वतः करून देतो. १ असेल, तर आज्ञा पाहुण्या सिस्टिमवर चालणाऱ्या साध्या प्रोग्रॅमची, म्हणून तो व्यत्यय पाहुण्या सिस्टिमकडंच परत पाठवतो. तिचं तिनं बघायचं. मला यातली ही जागा सगळ्यात सुंदर वाटते.

‘कायम’ हा शब्दही तपासा. पुढं ३७०-एक्सए या नंतरच्या मेनफ्रेम-रचनेत एसआयई ही पाहुणी सिस्टिम चालवायची आज्ञा आली आणि अशा पुष्कळ आज्ञा प्रोसेसरच पाहुण्यासाठी पार पाडू लागला.

आणखी एक मत : अर्थ पटला, पण ‘उदाहरण-अवस्था’ लिहू नका. वाचक ‘उदाहरणार्थ’कडं जाईल. ‘सोडवणूक-अवस्था’ कसं वाटतं? आणि ‘आभासी’ला माझी हरकत आहे. आभास म्हणजे नसलेलं दिसणं. हा स्टेटस वर्ड तर खरोखर मेमरीत असतो.

प्रश्नकर्ता : सोडवणूक घेतो. ‘आभासी’ सगळीकडं रुळलाय, तो ठेवतो. आता वाक्य असं : ‘व्हीएम/३७० मध्ये पाहुणी सिस्टिम खऱ्या प्रोसेसरवर सोडवणूक-अवस्थेत चालते, तिच्या आभासी स्टेटस वर्डमध्ये मात्र पर्यवेक्षक-अवस्था नोंदलेली असू शकते.’